सशिणीच्या घरचे पीठ

ओढ्याकाठच्या एका रानात, करवंदाच्या जाळीखाली, उंचावरच्या कोरड्या बिळात एक सशीण आपल्या पिल्लांसह राहत असे. बाळांनो, सशीण म्हटली की तुम्हाला भित्री वाटेल. ही तशी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. कापणी झाली की ती शेतात पडलेल्या ओंब्या वेचून आणी, गहू उन्हात खडखडीत वाळवी आणि कडुलिंबाचा पाला घालून कणगीत भरून ठेवी. त्या रानात सगळेच असा गहू भरत. दळत मात्र घरी कुणीच नसे. अस्वलाने ओढ्याच्या धारेवर गिरणी घातली होती. तिथे गहू द्यायचा आणि पीठ घेऊन यायचे, की झाले! घरोघरची जुनी जाती परसात शेवाळत पडली होती.

एकदा सशीण दळण घेऊन गेली, तर अस्वलाने तिची टोपली तशीच मागे सरकवली. "मला पोती ठेवायला कोरडी जागा हवी आहे," ते म्हणाले. "तुझं बीळ रिकामं कर. पौर्णिमेला मी ताबा घ्यायला येतो. तोवर तुझं दळण बंद."

"अहो अस्वलदादा, माझी पिल्लं जन्मली त्या घरात!"

"मग बस तिथेच गहू चावत," असे म्हणून अस्वल खो खो हसले.

शेजारची खार सशिणीला म्हणाली, "बाई गं, देऊन टाक. बीळ काय, दुसरं खणता येईल. पीठ कुठून आणशील?" सशिणीच्या डोळ्यांत पाणी आले. त्याहून जास्त राग आला. कणगी काठोकाठ भरलेली, आणि तरी आपण दुसऱ्याच्या दारात उभ्या! घरी येताच तिने दारातली पायरी उपटून काढली. ती पायरी म्हणजे तिच्या सासूबाईंच्या जात्याचा वरचा दगड होता. खालचा दगड परसात सापडला. तिने नवा खुंटा ठोकला आणि ती दळायला बसली.

आता हसू नका हं! घाईघाईत तिने जात्याच्या तोंडात ओंजळभर गहू ओतला आणि लागली ओढायला. खाली काय पडले? जाडी भरड! कितीतरी दाणे तर सबंधच बाहेर आले. दगड झिजून गुळगुळीत झाला होता. ती भरड शिजवून पुढे ठेवली, तर पिल्लांनी तोंडे वाकडी केली. तेव्हा सशीण सुतारपक्ष्याकडे गेली आणि म्हणाली, "सुतारभाऊ, माझ्या जात्याला टाकी लावून द्या ना."

"दगडावर? माझी चोच मोडायची आहे का?" सुतारपक्षी दचकला. "पण टोचायचं कसं, ते सांगतो. गारगोटीचा धारदार तुकडा घे. खोल मारू नकोस, जवळ जवळ मार. पहिलं पीठ कचकचेल, ते टाकून दे."

सशीण दगड टोचत बसली. पंजे सोलवटले, तरी उठली नाही. मग पहिले कचकचीत पीठ टाकून दिले आणि चिमूट चिमूट गहू घालत पुन्हा दळू लागली. फांदीवरून बघणाऱ्या खारीला काही राहवेना. "सरक गं, एकटीने किती ओढशील?" असे म्हणत ती समोर येऊन बसली. दोघींच्या हाताखाली जाते घरघरू लागले आणि कडेने मऊ, कोमट पीठ झरू लागले. सशिणीने ते बोटांत चोळून पाहिले. "माझ्या हातचं पीठ!" ती आनंदाने ओरडलीच. आणि का ओरडू नये? तिने कमावलेच होते ते!

पौर्णिमेला अस्वल आले. बिळातून पोळ्यांचा खमंग वास येत होता. पिल्ले पोटभर जेवून दारात लोळत होती.

"या, बसा," सशीण म्हणाली. "गरम पोळी खाऊन जा, घरच्या पिठाची आहे. घर मात्र मिळणार नाही."

"दळण मिळायचं नाही हं तुला!" अस्वल गुरगुरले.

"मागतंय कोण?"

अस्वल रागाने पुढे सरकले, तोच करवंदाच्या जाळीमागून खार आली, साळिंदर आले, घोरपड आली. सगळ्यांचे पंजे पिठाने माखलेले होते. खार म्हणाली, "आज हिचं बीळ मागितलंत, उद्या आमचं मागाल. आम्हीही आपापली जाती धुऊन काढली आहेत."

अस्वलाचे तोंड उतरले. "म्हणजे आता माझ्या गिरणीत कुणीच येणार नाही?"

"येऊ की," सशीण मान ताठ ठेवून म्हणाली. "हात दुखले, घरी पाहुणे आले, तर जरूर येऊ. पण दळण द्यायला येऊ, घर द्यायला नाही."

अस्वल आल्या पावली परत गेले.

तात्पर्य : नुसते धान्य साठवून कुणी स्वावलंबी होत नाही. ते दळण्याची तयारी आपल्या हातांत असली, तरच दांडग्यापुढे ताठ मानेने 'नाही' म्हणता येते.