नेहमीचा दोर

फार पूर्वी, विहिरी खोल होत्या आणि माणसांना गप्पांना वेळ होता तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराळ गावात एक दोर वळणारा राहायचा. त्याचा दोर म्हणजे दोर! बैल बांधा, पाळणा टांगा, पोहरा विहिरीत सोडा, तुटायचं नाव नाही.

आता दोर काही एकट्याने वळता येत नाही. एकाने टोकाला मूठ फिरवून पीळ द्यायचा, दुसऱ्याने वाख, म्हणजे घायपाताचे धागे, सोडत मागे सरकायचं आणि कुठे सैल पडतंय ते बघायचं. मूठ त्याची आणि डोळा बायकोचा. "थांबा, इथं ढिला पडलाय," ती म्हणायची आणि हा निमूट थांबायचा. पण एका हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि बायको गेली. मग तो दोराचं एक टोक चिंचेच्या खोडाला बांधून एकटाच वळू लागला. चिंच बिचारी काय सांगणार, कुठे ढिलं पडलं ते!

दोर वळून झाला की त्याला जात्याची तळी, म्हणजे खालचा जड दगड, टांगून बघायची, ही त्याच्या घराची जुनी रीत होती. पण तळी उचलायला दोन माणसं लागतात. तीही रीत सुटली.

वर्षभरात गिऱ्हाईक येईनासं झालं. लोकांच्या पोहऱ्यांना लोखंडी साखळ्या दिसू लागल्या. घाटाखालून नव्याने आलेला एक लोहार त्या साखळ्या घडवायचा. दोर वळणाऱ्याने शेजारच्या कुंभारीण आजीला विचारलं, "आजी, तुम्हीपण साखळी घेतली?"

"घेतली रे, अशीच," आजी म्हणाली. "आमटी देऊ का वाटीभर?"

आजीची जीभ म्हणजे लवंगी मिरची. पाटलालासुद्धा तोंडावर सुनावायची. ती इतकं मिळमिळीत का बोलली, ते त्याला कळेना. इतर लोकही त्याला बघून गोड हसायचे आणि लगबगीने पुढे जायचे. आपलं काय चुकलं, की काही चुकलंच नाही? विचार करकरून त्याच्या डोक्याचं पार भजं झालं.

त्या गावात वडाच्या पारावर एक टोळी बसायची. स्वतःला 'मूळगावकर' म्हणवायची. मनगटाला काळा गंडा, बोलणं ठासून. एके दिवशी त्यांच्या म्होरक्याने दोर वळणाऱ्याला हाक मारली, "काका, जेवलात का?"

वर्षभरात हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून तो पारावर बसू लागला. त्यांनी त्याला गंडा बांधला, पुढची जागा दिली, चार माणसांत त्याचं नाव घेतलं. आठ-पंधरा दिवस त्याच्याकडे कुणी काही मागितलं नाही.

मग म्होरक्या म्हणाला, "काका, तुमचं काहीच चुकलेलं नाही. आपल्या सात पिढ्या इथल्या मातीत गेल्या. हे उपरे काल आले आणि तुमच्या तोंडचा घास पळवला. लोहार आला आणि तुमचा धंदा बसला. खरं की नाही?"

लोहार आला होता आणि धंदा बसला होता, हे खरंच होतं. पण लोहार तर रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा. दोर वळणाऱ्याला पुरतं पटलंही नाही आणि खोडूनही काढता आलं नाही. रिकाम्या घरापेक्षा भरलेला पार बरा, म्हणून तो मान डोलवत राहिला.

उन्हाळा आला. दर उन्हाळ्यात गावच्या विहिरीतला गाळ काढायचा, त्यासाठी घरटी पाळीने एक माणूस खाली उतरायचा. यंदा पाळी लोहाराची होती. तो दोर वळणाऱ्याच्या दारात आला.

"दादा, माणूस उतरायला साखळी कामाची नाही, हातातून निसटते," लोहार म्हणाला. "तुमच्या घरचा दोर पिढ्यान् पिढ्यांचा, असं ऐकलं. उद्या सकाळपर्यंत द्याल का एक वळून?"

ही गोष्ट पारावर पोचायला कितीसा वेळ! दुपारी म्होरक्या दोन गडी घेऊन हजर. "आयती संधी आलीय, काका. मधल्या पेडात कुजका वाख घाला आणि वरून चांगला. तुटला तर देवाची करणी."

"अहो, माणूस मरेल तो!"

"उपरा मरेल. तुम्ही आमचे आहात ना?"

दोर वळणारा वाखाच्या ढिगापाशी जाऊन बसला. नाही म्हणावं, तर उद्या पारावर जागा कुठली? हो म्हणावं, तर त्या माणसाची लेकरं काय करतील? त्याला काही सुचेना, आणि त्याचे हात मात्र सवयीने वाख उकलू लागले. संध्याकाळच्या आत कुजका दोर तयार झाला. वरून बघावा तर कसा सुरेख!

"तुटेल ना नक्की?" म्होरक्याने विचारलं. गड्यांनी दोराचा एक तुकडा कापला, तळी उचलून त्याला बांधली आणि चिंचेच्या फांदीवर टांगली. घटकाभरात तो तुकडा कडकडला आणि तळी धप्पदिशी खाली आली. गडी खूश झाले.

दोर वळणाऱ्याला वाटलं, आपला चांगला दोर तरी तळी पेलतो का, बघावं. घरातून त्याने कालच वळलेला, मनापासून वळलेला दोर आणला. गड्यांनी हसत हसत तळी परत टांगली.

तो दोर घटकाभरही टिकला नाही. कुजक्याच्याही आधी तुटला.

दोर वळणारा तुटलेली दोन्ही टोकं हातात घेऊन बघत राहिला. हा खोटा की तो खोटा? कुजका वाख तर यात नव्हता!

म्होरक्या पोट धरून हसला. "अहो, मग मेहनत फुकट गेली की! नेहमीचाच दोर द्या त्याला. तुमचे दोर तुटतात हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. म्हणून तर लोक साखळी घेतात!"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आम्हाला काय, सगळ्यांनाच."

"मग लोहारामुळे माझा धंदा बसला असं का म्हणालात?"

म्होरक्याचं हसू थांबलं. "ते आता कशाला?" तो म्हणाला आणि गड्यांना घेऊन निघून गेला.

सकाळी विहिरीवर सारा गाव जमला. लोहार कंबर कसून उभा होता. दोर वळणारा रिकाम्या हाताने आला, हे बघून म्होरक्याचे डोळे बारीक झाले.

"माझ्या दोरावर उतरू नकोस," दोर वळणारा लोहाराला म्हणाला. "माझा दोर तुटतो. आणि काल तर मी मुद्दाम कुजका वळला होता, तुला मारायला." त्याने मनगटावरचा गंडा काढून म्होरक्याच्या पायाशी ठेवला. "फितूर!" म्होरक्या ओरडला. लोहार पांढराफटक पडला आणि दोन पावलं मागे सरला.

आता गाव आपल्याला हाकलून देणार, असंच दोर वळणाऱ्याला वाटलं. पण गर्दीतून कुंभारीण आजी पुढे आली आणि हमसून रडायला लागली.

"गेल्या पावसाळ्यातच माझा पोहरा दोर तुटून विहिरीत गेला," ती म्हणाली. "सगळ्यांचेच गेले. पण याची बायको गेलीय, याला दुखवायचं कसं, म्हणून आम्ही गप्प बसलो. आमच्या भिडेपायी तुला यांच्या हाती दिलं रे, बाबा! तुझा दोर भिकार झालाय, हे मीच तुला तोंडावर सांगायला हवं होतं."

भर गावात कुणी आपल्या दोराला भिकार म्हटलं आणि आपल्याला इतकं हलकं का वाटलं, ते त्याला तेव्हाही नीट कळलं नाही.

आजीने डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "आण वाख. मी सोडते, तू मूठ फिरव." मग काय विचारता! "ढिला पडलाय! डोळे फुटले का? परत वळ!" असं दिवसभर चाललं. एक एक करून माणसं मदतीला आली, पारावरचा एक गडीसुद्धा आला. म्होरक्या तेवढा आला नाही. दोर तयार झाल्यावर त्याला तळी टांगली. ती रात्रभर हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोहार दोराकडे बघत नुसताच उभा राहिला. तो घाबरला होता, आणि त्यात त्याची काय चूक?

"आधी मी उतरतो," दोर वळणारा म्हणाला. त्याने दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक लोहाराच्या हातात दिलं. लोहाराने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग पाय रोवले, दोर हाताला दोन वेढे घेऊन घट्ट धरला आणि म्हणाला, "उतरा दादा, बेताने."

तात्पर्य काय, तर एकट्या पडलेल्या माणसाला शत्रू दाखवणारे पुष्कळ भेटतात. त्याला त्याची चूक तोंडावर सांगून वर मदतीला थांबणारं माणूस जर आपल्यातून मिळालं नाही, तर तो त्यांच्या हाती गेल्याचा अर्धा दोष आपला असतो.