कपच्यांमधली रिकामी जागा

"पण बाई, मुलांना शेजारी बसवून नुसते दगड फोडण्यात विज्ञान कुठं आलं?"

श्रीकरनं पुन्हा विचारलं. अंबिकाबाई कडुनिंबाखाली बसल्या होत्या. हातातल्या गारगोटीवरून त्या अंगठा फिरवत राहिल्या.

अंबिकाबाईंचं आयुष्य उत्खननांत गेलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या मांजरेच्या काठावरच्या या गावात येऊन राहिल्या, आणि शाळेच्या पटांगणात दर शनिवारी मुलांना घेऊन बसू लागल्या. दगडाची पाती काढायची, मातीची भांडी थापून भाजायची, लाकडावर लाकूड घासून विस्तव पाडायचा... फार जुनी माणसं जे करत, ते आपल्या हातांनी करून पाहायचं.

आता त्यांची नजर जवळजवळ गेली होती. भाची त्यांना कायमचं न्यायला येणार होती, त्याच दुपारी. वर्ग पुढं श्रीकरनं चालवायचा होता.

श्रीकर शाळेतला विज्ञानशिक्षक. पदार्थविज्ञानात विद्यापीठात पहिला आलेला. वर्षभर तो बाईंकडे दगड फोडायला शिकला होता, आणि हल्ली त्याचं पातं बाईंच्या पात्यासारखंच लांब, सरळ निघे.

"मी सगळं चित्रित करून ठेवलंय," तो म्हणाला. "घाव कोणत्या कोनात बसला की तडा कसा धावतो, ते पडद्यावर संथ गतीत दिसतं. मुलांना तासाभरात कळेल. तुम्ही अगदी निर्धास्त जा."

बाईंनी जाऊच नये, असं त्याला वाटत होतं. ते बोलता येईना, म्हणून तो पडद्याबद्दल बोलत होता.

"आज तू फोडणार नाहीस?"

"आज मी नुसतं शिकवणार."

"बरं..." बाई म्हणाल्या.

मुलं आली. डोळ्यांवर प्लास्टिकचे चष्मे, मांडीवर गोणपाटाची घडी. झाडलेल्या जमिनीवर ती ऐसपैस बसली आणि पटांगणभर ठकठक सुरू झाली. कपच्या उडू लागल्या. श्रीकर हात मागं बांधून मुलांमधून फिरत होता, कोन सांगत होता.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "उठा आता. सावकाश. पायानं काही विस्कटू नका."

मुलं उठून बाजूला झाली.

"काय दिसतं?"

"कचरा!" एकजण म्हणाला. सगळे हसले.

शमीम मात्र आपल्याच जागेकडं बघत होती. "बाई, सगळीकडं कपच्या हायेत. मी बसले होते तिथंच काही नाही. माझ्या मांड्यांचा आकार राहिलाय."

"आम्हाला अशी जागा सापडली होती," बाई म्हणाल्या. "नदीकाठी, पुरुषभर मातीखाली. भोवती कपच्या, मधे रिकामं. कपच्या इतक्या सफाईदार, की बसणारं माणूस पक्कं कसबी असणार. आणि शेजारी..."

त्यांनी हातानं शेजारची जमीन चाचपली.

"शेजारी काय?"

"आणखी एक रिकामी जागा. लहान. तिथला दगड नुसता ठेचलेला. एकाच ठिकाणी, चुकीच्या बाजूनं, पुन्हा पुन्हा."

मुलांनी कपच्यांकडं पाहिलं, मग एकमेकांकडं.

"ते लहान पोर होतं?"

"असेल."

"किती शेजारी बसलं होतं?"

"इतकं, की दोघांच्या कपच्या एकमेकींत मिसळल्या होत्या."

शमीमनं जरा वेळानं विचारलं, "मग त्याला पुढं आलं का पातं काढता?"

बाईंच्या हातातली गारगोटी थांबली.

"आम्ही पुढं खणलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या हातचं एखादं बरं पातं मिळेल म्हणून. सगळा उन्हाळा खणलं. पण पुढचा काठ नदीनं कधीच नेला होता... अजून मनात येतं माझ्या, आलं असेल का त्याला?"



श्रीकरचा आवाज एकदम वर चढला. "मग मला कसं कळणार, बाई? मला आलंय की नाही, हे कोण सांगणार? तुम्ही तर निघालात."

बाईंनी हात पुढं केला. श्रीकरनं खिशातून रुमाल काढला, त्यात जपून ठेवलेलं पातं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी बोटाच्या पेरानं त्याची धार चाचपली.

"सुरेख आहे."

श्रीकरचे डोळे भरून आले.

"आणि बिघडलेली?"

"अं?"

"हे निघायच्या आधी जी बिघडली, ती कुठं आहेत?"

"ती... नदीत टाकून दिली. मुलांच्या नजरेस पडू नयेत म्हणून."

"मग मुलांनी कुणाच्या शेजारी बसायचं, श्रीकर?"

फाटकाबाहेर गाडी थांबली. भाचीनं आत येऊन बाईंची पिशवी उचलली, त्यांना हात देऊन उठवलं. मुलं वाकून पाया पडली. श्रीकर जागचा हलला नाही.

मग तो खाली बसला. गोणपाट मांडीवर घेतलं, एक मोठी गारगोटी उचलली. सगळी मुलं बघत होती. त्याचं लक्ष फाटकाकडं लागलं होतं. पहिला घाव निसटला. दुसऱ्यानं दगडाच्या कडेचा नुसता चुरा झाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"सर, तुमचं पण चुकतं?" शमीमनं विचारलं.

"चुकतं."

तिनं आपला दगड उचलला आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसून ठोकू लागली.

बाई फाटकापाशी पोचल्या होत्या. श्रीकरनं घाव घालता घालताच मान वर केली.

"बाई!" त्यानं हाक मारली. "जमेल का मला?"

अंबिकाबाई थांबल्या. वळल्या नाहीत. भाचीच्या दंडावर हात ठेवून कान देऊन उभ्या राहिल्या.

"शेजारी शेजारी दोन दगड वाजतायत," त्या म्हणाल्या. "तू थांबू नकोस."