डालग्याखालचा अंगठा

“पण पुन्हा कधीच दुखणार नाही, एवढं तरी म्हणाल की नाही, माई?”

धोंडामाईंनी ताटातली डाळ बोटानं पुढं सारली, एक खडा उचलला, पायरीखाली टाकला.

वैजयंता वाट बघत राहिली. मठाच्या ओट्यावर ती भिंतीला टेकून बसली होती आणि उजवा पाय तिनं एका विटेवर ठेवला होता, जपून, देव ठेवावा तसा. अंगठ्याला पट्टी. पट्टीवर दुधाची रिकामी पिशवी. पिशवीवर रबर.

होळीच्या आधी तिच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं. हळद-तेल झालं, मिठाचं गरम पाणी झालं, शेजारणीच्या सांगण्यावरून सुईनं कोरणंही झालं. अंगठा वांग्यासारखा टम्म झाला तेव्हा नवऱ्यानं गाडीवर बसवून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी बोट बधिर केलं आणि नख काढून टाकलं. येताना ती हसतच आली. बधिर होतं तोवर हसली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पंधरा दिवस पट्टी, मग बोट उघडं ठेवायचं, वारा लागू द्यायचा, रोजची कामं करायची. नवं नख यायला वर्ष लागेल, तोवर घाबरायचं नाही.

त्याला आता सात आठवडे झाले होते.

पट्टी सुटली नव्हती. एक दिवसाआड ती नवी बांधायची, आणि बांधताना मान फिरवून बांधायची, अंगठ्याकडे न बघता. काम मात्र एकही सोडलं नव्हतं. धुणं, पाणी, भाकरी, शेळीची वैरण, सगळं टाचेवर. नखाचं निमित्त करून सून बसून राहिली असं कुणी म्हणायला नको. आजही मठाचं अंगण तिनंच झाडलं होतं. नाम घेऊन अकरा वर्षं झाली, बाळंतपण सोडलं तर सोमवारची सेवा चुकली नाही, हे ती माईंना मघाशी दोनदा सांगून चुकली होती.

“झाडलंस खरं,” माई तेव्हा म्हणाल्या होत्या. “एका पायानं झाडल्यासारखं झाडलंस.”

ते तिला लागलं होतं. पण ती सेवेसाठी आलीच नव्हती आज, आशीर्वादासाठी आली होती. आता बोट दुखू नये. कधीच. त्या दुखण्याची तिला इतकी धास्ती बसली होती की झोपेतसुद्धा ती पाय ओढून घ्यायची.

“माई...”

“ऐकलं मी.”

...

दुपारच्या खिचडीची वेळ होत आली तशी माणसं वर येऊ लागली. मठ टेकडीवर, पायऱ्या साठ-सत्तर. एकेक जण दम घेत यायचा, चपला काढायचा आणि माईंच्या पायांवर डोकं ठेवायचा. माई ओट्याच्या कडेला पाय सोडून बसलेल्या. डाळ निवडता निवडताच “हं” म्हणायच्या.

गिरणीवाले सखाहरी आले. अंगानं दांडगा माणूस, वाकला की धप्पकन वाकायचा. त्यांचं कपाळ माईंच्या डाव्या पायावर आपटलं, ते वैजयंताला बसल्या जागी ऐकू आलं.

माईंचा डाळीतला हात थांबला. ओठ आत गेले. इतकंच. मग हात पुन्हा चालू लागला.

वैजयंतानं पायाकडे पाहिलं आणि बघतच राहिली.

“माई, तुमच्या अंगठ्याला नख नाही.”

“नाही.”

“कधीपासून?”

“तू परकरात होतीस त्याच्याही आधीपासून. वरवंटा पडला होता.”

“दुखतं?”

“दुखतं.”

“आणि सगळे नेमकं तिथंच डोकं ठेवतात...”

“पाय तिथंच आहे.”

सोमवारमागून सोमवार तिनं त्याच पायावर कपाळ टेकलं होतं, तेही जोरानं, कारण जोरानं टेकलं की भक्ती जास्त असं तिला वाटायचं. “मी अकरा वर्षं ठेवलं डोकं,” ती म्हणाली. “मला कधी दिसलं नाही.”

“कसं दिसेल? डोळे मिटलेले असायचे तुझे. भाव फार ना तुझा.”

माईंच्या बोलण्यात हसू होतं की नव्हतं, हे तिला नीट कळलं नाही.

“मग तुम्ही पाय आत का घेत नाही?”

...

“एकदा घेतला होता,” माई म्हणाल्या. “ती बाई जमिनीलाच डोकं टेकून गेली. परत आली नाही.”

आणखी एक खडा पायरीखाली गेला.

अंगणात उंबराखाली वैजयंताची लेक खेळत होती. शरू. दोन वर्षांना दोन महिने कमी. एरवी ती आजीजवळ असायची, पण आजी आज लग्नाला गेली म्हणून बाप दोघींना मठाच्या पायऱ्यांपाशी सोडून कामाला गेला होता. लेकीला कडेवर घेऊन वर कुणी आणलं? तर खाली भेटलेल्या एका म्हातारीनं. वैजयंताला पाय सांभाळायचा होता.

खड्यांचा कंटाळा आला तशी शरू उठली आणि ओट्याकडे आली. आधी माईंपाशी गेली. माईंच्या पायावर तिनं गुबगुबीत हात ठेवला, अंगठ्यावर बोट फिरवून बघितलं, हसली. मग वळली ती आईकडे.

आईपासून दोन हातांवर ती थांबली. विटेवरच्या पायाकडे तिनं बघितलं. खाली वाकून जमिनीला हात लावला, तो हात छातीला लावला आणि मागं फिरली. परत उंबराखाली.

पायरीवर टेकलेल्या बायकांना कौतुक वाटलं. कुणी म्हणालं, इवलीशी पोर अन् काय वळण आहे. कुणी म्हणालं, आमच्या घोड्यांना लाथ मारून सॉरी म्हणायचं कळत नाही. आई मठातली आहे, मग लेक तशीच निघणार, असंही एकीनं म्हटलं.

वैजयंता नेहमीसारखी हसली. घरीही सगळे असंच म्हणायचे आणि घरीही ती अशीच हसायची.

माई हसल्या नाहीत. त्यांनी डाळीचं ताट बाजूला ठेवलं.

“हे कुणी शिकवलं तिला?”

“सासूबाईंनी. पाय लागला की पाया पडायचं...”

“कुणाचा पाय लागला होता?”

वैजयंतानं पदर पुढं ओढला.

“तिचा. माझ्या अंगठ्याला.”

“मग?”

सांगायला तिला वेळ लागला. नख काढून तिसरा दिवस होता. ती जोत्यावर पाय लांब करून बसली होती आणि शरू पलीकडून धावत आली, नेहमी यायची तशी, मांडीत शिरायला. तिची टाच अंगठ्यावर पडली. वैजयंताला पुढचं काही दिसलंच नाही. हात उठला तो तिचा तिलाच कळला नाही. पोर भेलकांडली आणि डोकं उंबऱ्यावर आदळलं. टेंगूळ आलं. सासूबाई धावत आल्या, लेकराला उचलून पोटाशी धरलं, आणि ती रडं थांबवेना तेव्हा समजूत काढायला म्हणाल्या, आईच्या पायाला लागलं ना, पाया पड, मग आई नाही मारायची.

शरू पाया पडली. आईनं नाही मारलं.

“त्या दिवसापासून मी डालगं ठेवते पायावर,” वैजयंता म्हणाली. कोंबड्या झाकायचं डालगं. बसली की पाय त्याच्याखाली. नवरा चिडवायचा, आज कोंबडी झाकलीस का अंगठा? शरू दोन पावलं जवळ आली की वैजयंता म्हणायची, लांब, लांब. रागानं नाही म्हणायची. भीतीनं म्हणायची. पण लेकराला त्यातलं काय कळणार. महिन्याभरात पोर आजीच्या कुशीत झोपायला लागली. अंगावर पीत होती तेही सुटलं. सुटलं ते बरंच झालं म्हणाले सगळे, नाहीतर कडू पाला लावून सोडवावं लागतं. शरूनं आपलं आपण सोडलं.

आता डालगं नसलं तरी ती दोन हातांवर थांबते. वाकते. फिरते.

“तिला पाया पडायची आवड आहे, माई. लहान आहे. विसरेल...”

ओट्याच्या कडेला हात टेकून माई उठल्या. ऐंशीच्या पुढचं शरीर, उठायला वेळ लागला. डावा पाय जरा ओढत त्या वैजयंताच्या दिशेनं आल्या. तिला वाटलं, आता माई जवळ बसतील, पाठीवरून हात फिरवतील.

दोन हातांवर माई थांबल्या.

विटेवरच्या पायाकडे त्यांनी बघितलं. मग हळूहळू खाली वाकल्या, जमिनीला हात लावला, तो हात छातीला लावला आणि मागं फिरल्या.



माई आपल्या जागी जाऊन बसल्या. ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

“माई, असं नका करू...”

माईंनी वर बघितलं नाही.

“माई.”

...

किती वेळ गेला कोण जाणे. खिचडीचा वास आला, पंगतीची हाक झाली, बायका उठून आत गेल्या. वैजयंता तिथंच. मग तिनं पाय विटेवरून खाली घेतला आणि रबर काढलं. पिशवी काढली. पट्टी सोडायला लागली. शेवटचा वेढा बोटाला चिकटला असेल, रक्त येईल, म्हणून तिनं दात आवळले.

पट्टी सहज निघाली. कोरडी होती.

आणि या वेळी तिनं मान फिरवली नाही.

अंगठा पांढराफटक पडला होता, पाण्यात भिजलेल्या बोटासारखा सुरकुतलेला. जखम नव्हती. कधीची भरली होती. मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढं नवं नख दिसत होतं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. तिनं त्यावर बोट ठेवलं. ठणका नाही, कळ नाही. काहीच नाही.

इतके दिवस ती काय झाकून बसली होती?

तिनं पाय लांब केला. ओट्याच्या बाहेर येईल इतका लांब केला.

“शरू,” तिनं हाक मारली. “ये गं. ये, आईजवळ ये.”

शरूनं बघितलं. हातातला खडा टाकला. दुडक्या चालीनं आली, आणि दोन हातांवर थांबली.

उघड्या अंगठ्याकडे तिनं बराच वेळ बघितलं. वैजयंतानं दोन्ही हात पसरले होते.

“आता नाही मारणार आई,” ती म्हणाली. “ये. दे पाय. दे ना इथंच पाय...”

शरू खाली वाकली. जमिनीला हात लावला. छातीला लावला.

उंबराखाली जाऊन तिनं टाकलेला खडाच पुन्हा शोधायला घेतला.

वैजयंताचे हात तसेच पसरलेले राहिले. मग एकेक करून मांडीवर आले.

खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. नवरा घ्यायला आला होता. सुटलेली पट्टी, पिशवी, रबर, सगळं तिनं मुठीत गोळा केलं. चप्पल घातली. अंगठ्याला ऊन लागलं, ते तिला परकं वाटलं.

निघताना ती माईंसमोर आली आणि वाकली. डोळे उघडे होते. बिननखाचा तो अंगठा तिच्या कपाळाखाली होता, आणि कपाळ कुठं ठेवावं ते तिला कळेना. ती शेजारी टेकायला गेली, तर माईंनी पाय सरकवून पुन्हा तिच्या कपाळाखाली आणला.

तिनं तिथंच टेकलं. हलकेच. तरी माईंचा श्वास अडकला, तो तिला ऐकू आला.

“काहीतरी म्हणा, माई,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “ती कधी येईल? मी काय मागू आता देवाजवळ?”

माईंचा हात तिच्या डोक्यावर आला. तो डाळीच्या भुकटीनं माखलेला होता.

“लवकर दुखू दे तुझं बोट,” माई म्हणाल्या.