कड्यावरचं सोनेरी शेवाळ

फार फार वर्षांपूर्वी एका उष्ण मुलखात एक राजवैद्य राहत होता. खाली घामाच्या धारा लागायच्या, पण तिथला डोंगर इतका उंच होता की माथ्यावर पहाटे दव गोठायचं. त्या डोंगरावरच्या प्रत्येक शेवाळाची ओळख लिहून ठेवायची, हा वैद्याचा ध्यास होता. तीस वर्षांत त्याने एकशे बारा जातींचं वर्णन केलं होतं.

एकदा धुक्यातून चढत तो माथ्याखालच्या कड्याशी पोचला. खडकावर सोनेरी शेवाळ चांदण्यांसारखं उमललं होतं. त्याने भिंग लावलं. प्रत्येक पानाच्या टोकाला पांढरा केस, कडेला करवतीसारखे बारीक दाते. असं शेवाळ त्याच्या पोथीत नव्हतं!

राजाला बातमी कळली. "या शेवाळाला तुमचंच नाव देऊ. पौर्णिमेला दरबारात सगळ्यांना दाखवा," राजा म्हणाला. वैद्याचे डोळे भरून आले.

वर्णन पुरं करण्याआधी जुने नमुने ताडून पाहावेत, म्हणून त्याने बाजूला टाकलेल्या पुड्यांची पेटी उघडली. तळाच्या एका पुडीवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'धुरपदा. माथ्याखालचा कडा. साधंच शेवाळ.'

त्याला आठवलं. बारा वर्षांपूर्वी डोंगरातली ही मेंढपाळ बाई पुडी घेऊन आली होती.

"हे निराळं हाय, वैद्यबुवा. वाळलं की दोरीवाणी पिळतं, म्हणून वळखू येत नाही. भिजवून तर बघा."

वैद्य घाईत होता. "असली शेवाळं दरीत ढिगाने आहेत," म्हणून त्याने तिची बोळवण केली होती. तेव्हापासून गाव तिला 'शेवाळवेडी' म्हणून हसत होतं.

आता त्याने पुडीतल्या काड्यांवर पाण्याचे थेंब सोडले. पीळ सुटला, पानं उघडली. तेच पांढरे केस. तेच दाते.

पुडी चुलीत टाकली असती, तर कुणालाच कळलं नसतं. वैद्य बराच वेळ ती हातात धरून बसला. मग काठी घेऊन डोंगर चढू लागला.

"चूक माझी होती, धुरपदा," तिच्या दारात उभा राहून तो म्हणाला. "तू आधी ओळखलंस. दरबारात चल."

तिने आधी मेंढ्या वाड्यात कोंडल्या. मग म्हणाली, "मला तिथं बोलता यायचं नाही."

"बोलेन मी. तू फक्त पाणी शिंपड."

पौर्णिमेला वैद्याने पुडीवरचं आपलं अक्षर भर दरबारात वाचून दाखवलं. कुणी कुजबुजलं, कुणी हसलं. धुरपदाने पाणी शिंपडलं. राजा सिंहासनावरून उतरला आणि वाकून उमलणारी पानं पाहत राहिला. शेवाळाला धुरपदाचं नाव मिळालं.

"वैद्यराज, तुमचं नाव मात्र गेलं," राजा हळूच म्हणाला.

"त्याहून वाईट म्हणजे हिची बारा वर्षं गेली, महाराज."

पुढे एक नवल घडलं. आजवर वैद्याला बिचकणारी डोंगरातली माणसं पुड्या घेऊन त्याच्या दारी येऊ लागली. कुणी धनगर, कुणी मध काढणारा, कुणी लाकूड वेचणारी म्हातारी. तीन वर्षांत पोथी दुप्पट जाड झाली, आणि प्रत्येक वर्णनाखाली आणणाऱ्याचं नाव होतं.

तात्पर्य इतकंच: जो ज्याचं श्रेय त्याला देतो आणि आपली चूक आपल्या तोंडाने सांगतो, अशा माणसाजवळ लोक आपणहून येतात.