कोऱ्या पानावरचा वर्ख

“…मग कार्डाच्या आतही सोन्याची वेल काढू का? बाहेर मोर, आत वेल. शोभेल ना, आक्का?”

आक्का बोलल्या नाहीत. त्यांच्या बोटावर तेव्हा वर्ख होता.

गडहिंग्लजच्या काशाक्का जिनगर यांनी जन्मभर नवरदेवांची बाशिंगं केली. कागदावर सोनेरी वर्ख बसवावा तो त्यांनीच, असं सगळा तालुका म्हणे. वर्ख साध्या श्वासानेही उडतो. म्हणून त्यांच्या खोलीत पंखा बंद, खिडकी बंद, आणि हातात वर्ख असेपर्यंत आक्कांचं तोंडही बंद. मंजिरी त्यांच्याकडे आठ महिने शिकत होती. तरी तिला प्रश्न नेमके तेव्हाच सुचत.

आक्कांनी बाशिंगाच्या पाकळीवर वर्ख टेकवला, कापसाच्या बोळ्याने दाबला, आणि मग विचारलं,

“कुनाला धाडायचंय ह्ये?”

“अण्णांना. शुक्रवारी पंच्याहत्तरी आहे त्यांची. आज टपालात पडलं तरच वेळेवर पोचेल.”

“वडलांना टपालानं? मिरज काय दिल्लीला हाय व्हय?”

मंजिरीने घाम पुसला.

तीन वर्षांपूर्वी तिने बँकेची नोकरी सोडली आणि हाताने शुभेच्छापत्रं बनवायला घेतली. अण्णा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. जेवता जेवता एवढंच म्हणाले, “कागद कापायचे होते तर बालवाडीतच थांबायचंस.” ती ताटावरून उठली. तेव्हापासून ते बोलले नव्हते आणि तीही बोलली नव्हती. दोघांचा स्वभाव एकच, हे आई दोघांनाही सांगून दमली होती.

“हे कार्ड पाहून त्यांनी एकदा कबूल करायला हवं,” मंजिरी म्हणाली.

“काय कबूल?”

“मी चुकले नाही म्हणून.”

आक्कांनी हात पुढे केला. मंजिरीने कार्ड दिलं. काम खरंच देखणं होतं, आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं. मोराच्या प्रत्येक डोळ्यात वर्ख, चारी कोपऱ्यांत वर्ख, पंच्याहत्तरच्या आकड्याला दुहेरी वर्ख. एवढ्याने भागलं नाही म्हणून पाकिटाच्या कडेलाही वर्ख.

“नवरदेवालाबी मी एवढं लावत न्हाई,” आक्का म्हणाल्या.

त्यांनी कार्ड उघडलं. उजवीकडचं पान कोरं होतं.

“आन् हितं?”

“तिथे मजकूर यायचाय.”

“मग लिव की.”

“रोज बसते, आक्का. नऊ दिवस झाले. दिवसभर यावर काम करायचं, आणि हातातला ब्रश ठेवला की तशाच हातांनी पेन घेऊन बसायचं. ‘तीर्थरूप अण्णा’ इथपर्यंत मनात येतं. पुढचं लिहायला जावं, तर माफी मागितल्यासारखं वाटतं. नाहीतर भांडल्यासारखं…”

स्वतःचाच राग आला तिला. अण्णांचा तर होताच. आणि त्या सगळ्या रागाच्या खाली त्यांची आठवण येत होती, रोज येत होती, हे ती आजवर कुणापाशी बोलली नव्हती.

“म्हणून म्हटलं, वेल काढू. तेवढीच जागा भरेल.”



आक्कांनी ते कोरं पान तोंडाजवळ धरलं आणि चष्म्याच्या काचेवर सोडावी तशी त्यावर वाफ सोडली. हाऽऽ… एकदा. पुन्हा एकदा.

वर्ख चिकटवायच्या डिंकात आक्का मध घालीत. असा डिंक वाळला तरी तोंडाच्या वाफेने पुन्हा चिकट होतो. पण डिंक असेल तर!

“अहो आक्का, तिथे मी काहीच लावलेलं नाही!”

तोवर आक्कांच्या बोटावर वर्ख आला होता. आता विचारून उपयोग नव्हता.

त्यांनी अख्ख्या पानावर वर्ख पसरला. बोळ्याने दाबला. मग हलक्या हाताने झाडला. सुटा वर्ख भुरभुर उडाला आणि पान पुन्हा दिसू लागलं.

पान कोरं नव्हतं.

खालच्या कोपऱ्यात सोन्याचा एक अंगठा उमटला होता. त्याच्याशेजारी दुसरा, अर्धवट. मधोमध तळहाताची कड, जिथे लिहिताना हात टेकतो. आणि वर डावीकडे, जिथे पहिला शब्द यायचा, तिथे बोटांवर बोटं, इतकी की रेषाही वेगळ्या दिसेनात. नऊ दिवसांची न धुतलेली डिंकाची बोटं.

“वाटोळं झालं!” मंजिरी ओरडलीच. “आता दुसरं करायला वेळ कुठाय? हे असं… हे कसं पाठवू मी?”

आक्कांनी कार्ड तिच्या हातात दिलं.

मंजिरीने ते पुसायला पदर उचलला. पान डोळ्यांजवळ नेलं… आणि पदर तसाच हातात राहिला. तिने आपला अंगठा त्या कोपऱ्यातल्या अंगठ्यावर हळूच ठेवून पाहिला. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

आक्कांनी पाकीट तिच्यापुढे सरकवलं आणि बाशिंगाची पुढची पाकळी उचलली.

“पत्ता तेवढा लिव.”