साहेब आऊट आहेत

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

सरंजामे साहेबांच्या केबिनबाहेर 'इन-आऊट'ची सरकती पाटी होती. साहेब आत घोरत आणि पाटी कायम 'आऊट'वर असे. त्या दिवशी गंगूमावशी नातीच्या दाखल्यावर सही घ्यायला सकाळपासून बसली होती. पाचच्या आत सही झाली नाही, तर पोरीचा नर्सिंगचा प्रवेश जाणार होता.

शेवटी शिपाई भिवा धीर करून आत गेला. "साहेब, तुम्ही तर आत आहात. मग पाटी..."

"'आऊट' या शब्दाचं मूळ ठाऊक आहे का तुला?" साहेबांनी डोळेही उघडले नाहीत. "हजार वर्षांपूर्वीचा शब्द आहे. मुळात अर्थ बाहेर. पुढे दिवा विझला तरी आऊट, फलंदाज बाद झाला तरी आऊट. माणूस मनाने बाहेर असला तरी आऊटच! पाटी सांगते तेच खरं."

"बरं साहेब," म्हणत भिवा बाहेर आला आणि त्याने दाराला कुलूप घातलं.

साडेचारला साहेबांना लघवीला लागली. दार धडधडू लागलं.

"साहेब आऊट असले की कुलूप लावायचं, हा त्यांचाच हुकूम आहे," भिवा अदबीने म्हणाला. "आत कोण आहे?"

"अरे गाढवा, मी आहे आत!"

सगळ्या कचेरीने ऐकलं.

"मावशी, साहेब आहेत बरं का," म्हणत भिवाने कागद दाराखालून सरकवला. "साहेब, एवढी सही करा. तोवर मी पाटी 'इन'वर घेतो."

सही लगेच आली आणि भिवाने कुलूप काढलं. पाटी मात्र गंजून बसली होती, हलेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाने घरून खोबरेल आणलं आणि पाटीच्या खाचेत चार थेंब सोडले.