सांडवा नसलेला तलाव

फार फार वर्षांपूर्वी, राजे अजून पायी फिरून राज्य बघत त्या काळात, एका डोंगराच्या पायथ्याशी मोठं विद्यापीठ होतं. तिथं शिकून पागोट्यात मोरपीस खोवलं की राजाची चाकरी ठरलेली. मोरपीस दिसलं की लोक वाट सोडत.

तिथल्या थोरल्या आचार्यांना मात्र एक हुरहूर होती. शिष्य पुष्कळ झाले, पण आपल्याला अडवणारा एकही भेटला नव्हता. म्हणून मोरपिसं वाटायच्या दिवशी, शेवटच्या पाठात, ते मुद्दाम एक धडधडीत खोटं वाक्य सांगत.

"तलाव काठोकाठ भरला की पाऊस आपणहून थांबतो."

मग ते थांबत, एकेक चेहरा बघत. कुणीतरी उठेल. म्हणेल, गुरुजी, हे कसं काय? पण माना डोलत, बोरू चालत. संध्याकाळी रिकाम्या वर्गात आचार्य बराच वेळ बसून राहत. पुढच्या वर्षी तरी, असं स्वतःला समजावून दिवा लावायला उठत.

आचार्य थकले. राजाने डोंगरात तलाव बांधला आणि त्यांना पूजेला बोलावलं. बांधकाम प्रधानाचं, आणि प्रधान त्यांचाच शिष्य. आचार्य बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि जागीच खिळले.

"अरे, सांडवा कुठं आहे? जादा पाणी जाणार कुठून?"

प्रधान हसला. "अजून परीक्षा घेताय होय, गुरुजी? तलाव भरला की पाऊस थांबतो."

"ते खोटं होतं रे. तुमच्यातलं कुणीतरी मला अडवेल म्हणून सांगत होतो. जन्मभर वाट पाहिली मी."

प्रधानाचं हसू मावळलं. "पहिल्याच वर्षी मी हात वर केला होता. तुम्ही म्हणालात, आधी पाठ कर, शंका मागाहून. ते मागाहून कधी आलंच नाही."

आचार्य हळूच म्हणाले, "आज तरी राजाला सांग. बांधाला वाट काढा."

"राजेसाहेबांना चुकलं म्हणून सांगू? ते कुठल्या पाठात होतं, गुरुजी?"

शेवटी आचार्यच दरबारात बोलले. राजाने मोरपीसवाल्यांना विचारलं. तलाव उत्तम आहे म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हातारपणी असं होतं म्हणत राजाने आचार्यांना शाल दिली आणि घरी धाडलं.

श्रावणात तलाव भरला. पाऊस थांबला नाही. बांध फुटला आणि शेतं, घरं, विद्यापीठ, सगळं वाहून गेलं. आचार्यांनी दारोदार फिरून ज्यांना टेकडीवर चढवलं, ती माणसं तेवढी वाचली.

चिखल वाळल्यावर आचार्यांनी उंबराच्या सावलीत पोरं गोळा केली आणि पाठ सुरू केला. "पाणी नेहमी उताराकडे धावतं."

"कशावरून, गुरुजी?" पुढं बसलेली एक मुलगी म्हणाली.

या दोन शब्दांसाठी आचार्यांनी आयुष्य काढलं होतं, आणि ते आले तेव्हा खाली गाव उरलं नव्हतं.

"पुन्हा विचार, बाळ."

तिने पुन्हा विचारलं. आचार्य उठले आणि सगळ्या वर्गाला घेऊन ओढ्याकडे चालू लागले.

तात्पर्य : पदवीधराला सगळी उत्तरं आली नाहीत तरी चालेल, पण गुरूला आणि राजाला "कशावरून?" असं विचारायची हिंमत त्याला शिक्षणाने दिलीच पाहिजे.